वरच्या दलदलीतल्या वाटा

व्हेस्टाचा नवरा ऑरम मार्चमध्ये गेला, आणि तेव्हापासून लेव्हिन प्रूइट तिला अहो-जाहो करायला लागला. तीस वर्षं हा माणूस मागच्या दारानं तिच्या स्वयंपाकघरात शिरायचा आणि "व्हेस्टा, कॉफी आहे का गं?" म्हणत खुर्ची ओढून बसायचा. दफनाच्या दिवसापासून तो पुढच्या दारानं येऊ लागला, टोपी हातात धरू लागला आणि "मिस व्हेस्टा, तुम्ही" म्हणू लागला. मान द्यायचा तर तिकडं लग्न झालेल्या बाईलाही 'मिस' म्हणतात. दुखवट्याची रीत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. पण उन्हाळा सरला, खेकड्यांचा हंगाम सरला, कालवांच्या होड्या बाहेर पडल्या, तरी ते 'तुम्ही' काही जाईना. उगाच मान देणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, एवढं जग व्हेस्टानं सत्तावन्न वर्षांत पाहिलं होतं.

काय हवं होतं ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

खाडीच्या तोंडापासून पाइनच्या रानापर्यंतची सगळी दलदल एका मालकाची होती. तो दूर शहरात राहायचा आणि बदकांच्या शिकारीला तेवढा यायचा. मस्करॅट, म्हणजे त्या दलदलीतले जाड केसाळ पाणउंदीर, कातड्यासाठी धरायचा हक्क दोन घरांकडे होता. मधल्या ओहोळाच्या वरची दलदल ऑरमची, खालची लेव्हिनची. मोसम नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उघडायचा. त्याआधी डिसेंबरात दोघं आपापल्या बाजूला फिरून उंदरांची खूण बघायचे. घरं किती, उंदरांच्या पोहायच्या चिंचोळ्या वाटा कुठून कुठं जातात, कुठल्या चालत्या आणि कुठल्या मेलेल्या, हे पाहून चालत्या वाटेच्या तोंडाशी सापळ्याची खूण म्हणून एकेक काठी रोवून ठेवायची. पंधरा तारखेपर्यंत मालकाला पत्र जायचं: या वर्षी कोणती बाजू कोण धरणार.

"पत्र मी लिहून आणलंय," लेव्हिन म्हणाला. तो व्हेस्टाच्या बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. "तुम्ही फक्त सही करा, मिस व्हेस्टा. वरची बाजू या वर्षी सोडली म्हणून."

"सोडली? का म्हणून? मी धरणार आहे."

लेव्हिननं टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही?"

"कॅप्टन," व्हेस्टा म्हणाली; होडीवाल्यांना तिकडं असंच म्हणतात. "तीस वर्षं मी उंदीर सोलतेय. एका संध्याकाळी साठ सोललेत. जत्रेतल्या शर्यतीत दोनदा पहिली आलेय. उंदराचं आतलं सगळं मला ठाऊक आहे. बाहेरचं शिकायला कितीसा वेळ लागतो?"

"ते खरं. पण धरायला उंदीर तर हवेत ना," लेव्हिन हळूच म्हणाला. "वरची बाजू मेलीय. उन्हाळ्यात खारं पाणी आत आलं, लव्हाळे जळले. उगाच त्या थंडीत कमरेपर्यंत कशाला भिजता? ऑरम असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं."

मेलेल्या माणसाच्या तोंडून बोलणाऱ्याचा व्हेस्टाला आधीपासूनच राग होता. पण ती शांतपणे म्हणाली, "मग दाखवा मला. डोळ्यांनी बघते आणि मग सही करते."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्यावर लेव्हिननं तिला होडीतून नेलं. मधल्या ओहोळातून वर वळलं की डाव्या हाताला पाणउंदरांची घरं दिसतात. लव्हाळे आणि चिखल रचून केलेले, कमरेएवढे गोल ढीग. तिनं सहा पाहिले. सहाही ढासळलेले होते. कुणाचा माथा आत बसलेला, कुणाची एक बाजू वाहून गेलेली. उंदरांनी बसून लव्हाळ्यांचे कोंब कुरतडायचे माचे, ज्यांना तिकडचे लोक 'पंगत' म्हणतात, तेही विस्कटून पाण्यावर पसरलेले होते.

"बघा," लेव्हिन वल्हं थांबवून म्हणाला. "मी काय खोटं बोलतोय?"

व्हेस्टानं मान हलवली. खरं तर तिनं तिसऱ्या घराशी हात बाहेर काढून मोडलेल्या माथ्यातला एक लव्हाळा उपसला होता आणि कोटाच्या खिशात सरकवला होता. टाकून दिलेलं घर आधी करडं पडतं, मग बसतं, मग त्यावर गवत उगवतं. त्याला वर्ष लागतं. या घराच्या पोटातला लव्हाळा अजून हिरवा होता. आणि होडी जवळून गेली तेव्हा तिला तो वास आला होता. तिच्या हातांना आणि केसांना दरवर्षी मार्चपर्यंत चिकटून राहणारा तो उग्र, गोडसर वास. मेलेल्या घराला तो येत नाही.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"सही करायची का मग?" परत येताना धक्क्याला होडी लावत लेव्हिननं विचारलं.

"उद्या-परवा बघू. चष्मा घरी राहिलाय."

चष्मा तिच्या गळ्यातच लटकत होता. लेव्हिननं त्याच्याकडे पाहिलं आणि होडीचा दोर खुंट्याला बांधला.

संध्याकाळी त्याची बायको डेल्फा रताळ्याची पाई, म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, घेऊन आली. डेल्फा म्हणजे बोलायला लागली की भरतीचं पाणी. पण त्या दिवशी ती उभ्याउभ्याच निघाली. "कशी आहेस? बरी आहेस ना? थंडी किती पडलीय," एवढंच बोलली आणि जाता जाता दारात थबकून म्हणाली, "लेव्हिनचं वय झालंय गं, व्हेस्टा. त्याच्यावर रागावू नकोस."

"कशाबद्दल?"

"असंच आपलं." आणि गेली.

व्हेस्टानं ती पाई टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. सणवार नाही, वाढदिवस नाही, आणि रताळ्याची पाई. पाणी कुठंतरी मुरत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तशी ती एकटीच निघाली. ऑरमचे मांडीपर्यंतचे रबरी बूट तिला मोठे होत होते, म्हणून आत दोन जोड लोकरी मोजे घातले. हातात त्याची लांब काठी घेतली. ओहोळातून जाणारी होडी लेव्हिनच्या घरातून दिसते, म्हणून ती होडी न घेता पाइनच्या रानाच्या अंगानं, मागून दलदलीत उतरली. वाटेतल्या डबक्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता आणि पाऊल पडलं की तो करकरत होता.

पन्नास पावलं गेली असेल, तर समोर एक घर. उंच, गोल, काळंभोर, वर आदल्या रात्रीचा ओला चिखल थापलेला. त्यापलीकडे दुसरं. मग तिसरं. एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर लेंड्यांची रास, हिरवट काळ्या आणि चकचकीत. तिच्या शेजारी चिखलात बोटांचे ठसे, आणि दोन ठशांच्या मधून शेपटी ओढत गेल्याची बारीक रेघ. वाटांतलं पाणी गढूळ होतं, नुकतंच कुणी गेल्यासारखं, आणि तळ घासून स्वच्छ. एका पंगतीवर तिधारी लव्हाळ्याचे तुकडे इतके ताजे पडले होते की त्यांचा पांढरा गाभा अजून ओला होता.

"मेलीय म्हणे," व्हेस्टा मोठ्यानं म्हणाली. आसपास ऐकायला कुणी नव्हतं. एक बगळा उडून गेला.

मग तिला काठी दिसली. वाटेच्या तोंडाशी रोवलेली, करंगळीएवढी जाड, वरची साल हातभर सोललेली. ऑरम काठीची साल कधीच सोलायचा नाही. ही लेव्हिनची पद्धत. पुढच्या वाटेवर दुसरी काठी. त्यापुढच्या वाटेवर तिसरी. तिनं सत्तावीस मोजल्या आणि मोजणं सोडलं. एकही काठी चुकीच्या जागी नव्हती. माणूस या बाजूला आठवडाभर तरी राबला होता.

तिथून ती ओहोळाच्या काठाकडे आली, आणि आदल्या दिवशी होडीतून पाहिलेली ती सहा घरं आता मागच्या बाजूनं पाहिली. सहाही घरं एका ओळीत, ओहोळाच्या अंगानं मोडलेली होती. मागची बाजू प्रत्येकाची शाबूत. दोन घरांच्या चिखलात वल्ह्याच्या पात्याची धार स्पष्ट उमटलेली होती. आणि बिचाऱ्या उंदरांनी डागडुजीही सुरू केली होती. मोडलेल्या माथ्यावर नव्या लव्हाळ्यांचा एक थर चढला होता.

मोसमाआधी घर मोडायचं नाही. दलदलीत राहणारा माणूस चोरी करेल, दारू पिऊन चर्चला जाईल, पण उंदराचं घर मोडणार नाही. व्हेस्टाला इतका राग आला की तिनं पुढचं पाऊल न बघताच टाकलं.

पाय गेला तो मांडीपर्यंत गेला. मग दुसरा गेला. उंदरांनी मुळं खाल्लेल्या जागी दलदल अशीच वरून धड आणि खालून पेज असते. चिखल कमरेला लागला, तशी तिनं हातपाय मारणं थांबवलं. ऑरम नेहमी सांगायचा, "धडपडलीस की गेलीस. आडवी हो, जशी अंथरुणावर पडतेस तशी." तिनं काठी समोर आडवी टाकली, तिच्यावर छाती टाकली आणि इंचाइंचानं सरकत बाहेर आली. उजवा बूट आत राहिला. तो काढायला तिला अर्धा तास लागला. पण तिनं काढला, कारण तो ऑरमचा होता.

अंग गारठून दात वाजायला लागले होते. जवळचा आडोसा म्हणजे ओहोळाच्या फाट्यावरचं लेव्हिनचं खोपटं. बदकांच्या मोसमात तो तिथं बसायचा. ती दार ढकलून आत गेली. लोखंडी चूल होती, काड्यापेटी होती, फोडलेली लाकडं होती. तिनं चूल पेटवली आणि हात शेकता शेकता इकडंतिकडं पाहिलं.

खुर्च्या दोन होत्या. खिळ्याला कप दोन होते. एका खुर्चीवर जुन्या गोधडीची घडी करून गादी केलेली होती. ती गोधडी तिनं शिवलेली होती. आणि त्या खुर्चीच्या पाठीला, दोरीनं, ऑरमचा चष्मा टांगलेला होता.

हा चष्मा दोन वर्षांपूर्वी हरवला होता. वल्हवताना पाण्यात पडला, असं ऑरमनं सांगितलं होतं आणि नवा करून घेतला होता. व्हेस्टानं तो हातात घेतला. काचा पुसलेल्या होत्या. म्हणजे अजूनही कुणीतरी पुसत होतं.

आता संशय एकट्या लेव्हिनवर राहिला नाही. तिचा नवरा इथं कुणाबरोबर बसायचा? किती बसायचा? गादी करण्याइतका? सकाळी पाचला घरातून निघून, अंधार पडताना हातपाय गारठवून परत येणारा माणूस. आल्यावर "फार दमलो गं आज" म्हणणारा माणूस. त्याला ती गरम पाण्याचं घमेलं द्यायची, पाय चोळून द्यायची. ती त्या गादीच्या खुर्चीवर बसली नाही. दुसरीवर बसली, कपडे निम्मे वाळेपर्यंत, आणि मग चष्मा आणि वाटेत उपटलेली एक सोललेली काठी घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेव्हिनच्या धक्क्यावर पोचली तेव्हा तो लोखंडाचा वास जावा म्हणून सापळे उकळत होता. मोठ्या पिंपात अक्रोडाच्या सालींचं काळं पाणी खदखदत होतं आणि तो आकडीनं एकेक सापळा उलटापालटा करत होता.

"एवढ्या सकाळी, मिस व्हेस्टा?"

तिनं काठी त्याच्या पायाशी टाकली. "ही तुझी ना?"

तिचं 'तू' ऐकून लेव्हिननं मान वर केली. "कुठं सापडली?"

"जिथं एकही उंदीर नाही ना, तिथं. तिथं आणखी सव्वीस आहेत. की जास्त?"

लेव्हिननं पिंपातला एक सापळा आकडीनं उलटा केला.

"बोल की आता. ताकाला जाऊन भांडं लपवतोस? वरची बाजू हवी होती तर सरळ हवी म्हणायचं. विधवा बाईला होडीत बसवून सर्कस कशाला दाखवलीस? आणि हा." तिनं चष्मा काढला. "हा पाण्यात पडला होता, असं मला सांगितलं होतं. तुझ्या खोपटात खुर्चीला टांगलाय. माझा नवरा तिथं काय करत होता, लेव्हिन? कोण होतं त्याच्याबरोबर?"

घराचं दार उघडलं. डेल्फा हात पुसत पायरीवर आली. तिनं चष्मा पाहिला आणि ती तिथंच थांबली.

"तू सांगतोस की मी सांगू?" ती नवऱ्याला म्हणाली.

"मी त्याला शब्द दिलाय."

"तो गेला. त्याच्याबरोबर तुझा शब्दही गेला. सांग."

लेव्हिननं आकडी खाली ठेवली. "कुणी नव्हतं त्याच्याबरोबर," तो म्हणाला. "एकटाच बसायचा. त्याला चालवत नव्हतं, व्हेस्टा. दोन हिवाळे. पहिल्याच आठवड्यात ओहोळाच्या वळणावर छाती धरून बसला होता, ओठ निळे पडले होते. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणाला, डॉक्टर दलदल बंद करेल आणि व्हेस्टा मला खिडकीशी बसवेल. मग मी त्याला खोपटात बसवलं. तो चूल सांभाळायचा, हा चष्मा लावून सापळे दुरुस्त करायचा. खालची बाजू मी फिरायचो आणि मग वरचीही मीच फिरायचो. वरचे उंदीर त्याच्या होडीत टाकायचो आणि संध्याकाळी तो घरी यायचा."

"खोटं," व्हेस्टा म्हणाली. "ते उंदीर मी सोललेत. माझ्या हातांनी."

पण बोलता बोलताच तिचे हात तिला आठवण करून देऊ लागले. ऑरम सापळा उथळ लावायचा, पंगतीच्या कडेला. त्याचा उंदीर नेहमी पुढच्या पायानं धरलेला असायचा. त्यावरून ती वीस वर्षं त्याला बोलत आली होती: "पुढचा पाय बारीक, पिळून सुटतो. लेव्हिनसारखा खोल लाव, मागचा पाय धर." आणि दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तिच्या टेबलावरचे सगळे उंदीर मागच्या पायानं धरलेले निघाले. दुसऱ्या दिवशीही. सगळा मोसम. पुढचाही मोसम. तिनं सुरी चालवता चालवता ऑरमला म्हटलं होतं, "आलं बाई शहाणपण, म्हातारपणी का होईना." ऑरम हसला होता. तिच्याकडे न बघता हसला होता.

तिनं ते पाहिलं होतं. दोन हिवाळे, रोज, चाळीस-चाळीस वेळा पाहिलं होतं. काल दलदलीतली लेंडीन् लेंडी जिनं वाचली, तिला आपल्या टेबलावरची खूण वाचता आली नव्हती. की वाचायची नव्हती? ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

ती धक्क्यावरच्या उलट्या होडीवर बसली. डेल्फा येऊन शेजारी बसली. पिंपातले सापळे एकमेकांवर आपटत होते.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," लेव्हिन म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता, आणि बोलणं पहिल्यासारखं झालं होतं. "खोटं कशाला बोलू? तू सोलणारी बाई. तुला कळलं नसेल, हे मला खरंच वाटलं नाही. मला वाटलं, दोघं मिळून मला राबवून घेताहेत आणि आभाराचा एक शब्द नाही. दर रविवारी चर्चमध्ये तू 'कसे आहात कॅप्टन' म्हणायचीस आणि मी मनात म्हणायचो, बघा कशी साळसूद."

"दोन वर्षं असं म्हणत होतास?"

"दोन वर्षं. दलदलीत एकटा माणूस फार विचार करतो."

"आणि म्हणून ती बाजू आता तुझी?"

"ती बाजू मी चाललोय, व्हेस्टा. पासष्ट वर्षांचा माणूस दोन माणसांचं चाललोय. तिथली एकेक वाट माझ्या पायांना पाठ आहे. मला वाटलं, आता ती माझी म्हणायला हरकत नाही."

"मग मागायची होतीस. तोंड होतं ना?"

"का मागतोस म्हणून तू विचारलं असतंस. मग शब्द मोडावा लागला असता."

"म्हणून घरं मोडलीस! शब्द मोडण्यापेक्षा घरं मोडणं सोपं पडलं?"

डेल्फानं झटकन मान वळवली. "कुणी घरं मोडली?"

लेव्हिननं आकडी पुन्हा उचलली.

"लेव्हिन प्रूइट. तू मोसमाआधी घरं मोडलीस?"

"सहाच," तो पुटपुटला. "वरवर."

"वरवर! मला म्हणालास, खारं पाणी आलं. त्या बाईकडे मी पाई घेऊन गेले, तुझी लाज झाकायला, आणि मला खरं ठाऊकच नव्हतं!" डेल्फा उठून उभी राहिली. "तुझे वडील असते तर याच पिंपात घातलं असतं तुला."

व्हेस्टाला हसू आलं, आणि आलं याचाच तिला राग आला. तिनं चष्मा खिशात टाकला. "कागद आहे का घरात?" तिनं डेल्फाला विचारलं.

पत्र डेल्फाच्या स्वयंपाकघरात लिहिलं गेलं आणि त्याला सकाळचे तीन तास लागले. व्हेस्टाचं म्हणणं साधं होतं. वरची बाजू तिच्या नावावर राहील. मात्र पाइनच्या रानाकडचा आतला तुकडा, जिथं सगळ्यात जास्त काठ्या रोवल्या होत्या, तो या मोसमापुरता लेव्हिन धरेल. दोन हिवाळे तो तिथं चालला होता, ते तिला नाकारायचं नव्हतं.

"तुकडा कुठपर्यंत?" लेव्हिन म्हणाला.

"तीन पाइन उभे आहेत तिथपर्यंत."

"त्यातला एक पडलाय. उरलेल्या दोनांतल्या कुठल्यापर्यंत?"

"रानाकडच्या."

"ओहोळाकडच्या म्हण. ओहोळाकडची चांगली वाट मग तुझ्याकडे जाते."

"ती जावी म्हणूनच म्हणतेय."

लेव्हिननं कॉफीचा घोट घेतला. "शिकायला वेळ लागणार नाही म्हणालीस, ते खरं होतं," तो म्हणाला. व्हेस्टानं 'रानाकडच्या' असं लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं, आणि त्याची सही घेतल्याशिवाय कागद हातातून सोडला नाही. त्यानंही सही करण्याआधी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बोट ठेवून.

घरी आल्यावर ती ऑरमवर चिडली. आठ महिने रडून झाल्यावर पहिल्यांदाच चिडली. भांडी आपटली. "खिडकीशी बसवलं असतं तर काय बिघडलं असतं?" असं रिकाम्या खुर्चीला विचारलं. मग दुपारी बूट घालून स्वतःच्या काठ्या रोवायला निघून गेली.

मोसम उघडला. पहिल्या दिवशी तीस सापळ्यांत अकरा उंदीर आले, दुसऱ्या दिवशी सात, आणि मग तिचा हात बसला. सकाळी ओहोळात दोघांच्या होड्या एकमेकींजवळून जायच्या. लेव्हिन तिच्या होडीत किती ढीग आहे ते बघायचा आणि ती त्याच्या. दोघंही हवेबद्दल बोलायचे. त्या पाइनच्या रेषेवर तिला एकदा त्याच्या बुटांचा ठसा तिच्या अंगाला हातभर आत दिसला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या अंगाला दोन हात आत जाऊन आपला ठसा उमटवून ठेवला.

फेब्रुवारीत ओहोळ गोठला आणि त्याच आठवड्यात लेव्हिन तापानं पडला. छातीत कफ, अंगात हीव. डेल्फानं सकाळी येऊन सांगितलं की तो अंथरुणातून उठून बूट शोधतोय, चाळीस सापळे बर्फाखाली आहेत म्हणतोय. व्हेस्टा म्हणाली, "त्याचे बूट लपव. मी बघते." नऊ दिवस ती दोन्ही बाजू फिरली. कुऱ्हाडीनं बर्फ फोडायचा, दंडापर्यंत हात घालायचा, सापळा काढायचा, पुन्हा लावायचा. रात्री तिला बोटं वळवता यायची नाहीत. लेव्हिन त्या हिवाळ्यांबद्दल काय सांगत होता, ते तिला तिसऱ्या दिवशी नीट कळलं.

त्याचे उंदीर ती वेगळ्या पोत्यात घालायची आणि डेल्फाच्या हाती आकडा पाठवायची. चौदा. नऊ. सोळा.

पाचव्या दिवशी दुपारी डेल्फा तिच्या सोलायच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड कसनुसं झालेलं.

"आज किती?" तिनं विचारलं.

"सांगितलं की सकाळी. बारा."

"हो, सांगितलंस गं." डेल्फानं पायानं दारातला बर्फ उकरला. "पण तो म्हणतोय, फाट्याच्या वळणावर एवढ्यात बारा येत नाहीत, सतरा-अठरा यायला हवेत. म्हणाला, जाऊन जरा बघून ये. ताप आहे गं त्याला."

"ताप नसता तर स्वतः आला असता," व्हेस्टा म्हणाली. तिनं लेव्हिनचं पोतं टेबलावर उपडं केलं, बाजूचं स्टूल ओढलं आणि दुसरी सुरी डेल्फाच्या हातात दिली. "मोज. मोजून झाले की सोलायला लाग."